खोगिराची मांडणी

बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतेत. मी घेते. नाव घेतल्याबिगर हे सांगताच येत नाई, अन् या वयात आता कोण माहं काय वाकडं करणार हाय? तर नत्थूजी. पिपरी मेघेचे नत्थूजी घोडीवाले. त्या काळात वर्ध्यात ज्याच्या घरी लग्न झालं असन त्याले इचारा. वरातीत पांढऱ्या घोडीचा लगाम धरून, ब्यांड थांबला तरी पाय हालवत राहणारा जो काटकुळा माणूस होता, तोच माहा नवरा.

एका जागी राहणं त्याईले जमतच नव्हतं. माही सासू म्हणे, "याच्या पायाले देवानं भिंगरी बांधूनच धाडलं." जेवाले बसले तरी एक पाय उभा, टोंगळा वर. भाकर तोडता तोडता उठत, कोठ्यात जाऊन घोडीले पाहून येत, मंग दुसरा घास. म्या किती डाव म्हटलं, "घोडी काय पळून चालली का? अन्नाले तरी बसा." तर म्हणे, "तू वाढ, मी आलोच." आलोच म्हणजे भाजी थंडी झाल्यावर.

मी लग्न होऊन आली तवा त्याईचा टांगा होता. वर्धा टेसनावरून पवनारच्या आश्रमात जाणाऱ्या सवाऱ्या त्याईच्या ठरलेल्या. मंग ऑटो आले अन् साऱ्या दुनियेले घाई सुटली. पंच्याण्णव साली टांगा कोठ्यात उभा केला तो केलाच. दुसरा कोणी असता तर डोस्क्याले हात लावून बसला असता. पण हे बसणार कसे? आठ दिवसात आर्वीकडं जाऊन एक पांढरी घोडी घेऊन आले. हंसी तिचं नाव. टांगेवाल्याचे वरातीवाले झाले. घरात तीन खोगिरं झाले. एक वरातीचं, जरीचं, आरसे लावलेलं, वजनानं असं का उचलणाऱ्याचा घाम निघन. एक रोजच्या फेरीचं साधं. अन् एक सासऱ्याचं जुनं, जे कोणी वापरत नव्हतं अन् फेकतही नव्हतं.

सासऱ्यानं एक रीत घालून देलती. ज्याची घोडी, त्याचाच हात. खोगीर मालकानं चढवाचं अन् मालकानंच उतरवाचं. दुसऱ्याचा हात लागला का घोडीची पाठ लागते, म्हणजे खोगिराखाली घाव पडते, असं ते म्हणत. चंदन आमचा एकुलता एक पोरगा, त्याचाही हात चालत नव्हता. बाईमाणसानं तर खंडेनवमीले खोगिराले हळदकुंकवाचं बोट लावाचं, बस. लीद उचलाले माहा हात चालते, चंदीचे हरभरे भिजवाले माहा हात चालते, गवताचा भारा आणाले माहं डोस्कं चालते. खोगिराले तेवढा माहा हात बाटते. म्या एकडाव तोंडावर म्हटलं तर नत्थूजी म्हणे, "रीत हाय." झालं. रीत म्हटलं का पुढचं बोलणं खुंटलं.

दोन हजार एक सालच्या वैशाखात हे सारं बिनसलं. पिपरीतल्याच एका लग्नात नवरदेव बाशिंग बांधून तयार, ब्यांड वाजून राह्यला, अन् नत्थूजी जमिनीवरचं खोगीर उचलाले वाकले ते वाकलेच. कंबर धरली. सरळच होता येईना. शेवटी चंदननं खोगीर चढवलं, साऱ्या वऱ्हाड्याईसमोर. घरी आले तवा माणूस पांढराफटक. दुखण्यानं नाई, लाजेनं. डॉक्टरनं सांगतलं, वाकून वजन उचलाचं बिलकुल नाई.

चंदन तवा वर्ध्यात कापडाच्या दुकानात होता. चोवीस वर्षाचा पोरगा, त्याले बापाची चिंता होती अन् ते खरंही होतं. त्या महिन्याच्या चतुर्थीले आमी तिघं केळझरच्या गणपतीले गेलतो, तर पायऱ्या उतरता उतरता त्यानं विषय काढला. "बाबा, विकून टाका आता हंसीले. आर्वीचे प्रेमदास दोनदा पाहून गेले. जनावर चांगले ठेवतेत ते." नत्थूजी थांबले. उलटे फिरले, पायऱ्या चढून परत देवापुढं गेले अन् उंबरठ्यावर हात ठेवून मोठ्यानं बोलले, "ज्या दिवशी माह्या हातानं खोगीर चढणार नाई, त्या दिवशी हंसी विकीन. तुही शपथ. पण तोवर घरात कोणी विकाचं नाव काढाचं नाई." देवळातले लोक पाहत राह्यले. जिभेले हाड नसते म्हणतेत ते उगाच नाई.

मले, खरं सांगते, आनंद झाला. मले ते घोडी नकोच होती. जनावरावर राग नव्हता, गरीब होती बिचारी. पण लग्नसराईत हा माणूस लोकाच्या दारात अन् मी एकटी लीद काढत. त्यात आता हे कंबरेचं दुखणं. एखाद दिवशी खोगिरासकट घोडीच्या पायाखाली गेले तर? याचं भेव मले चोवीस तास. म्या मनात म्हटलं, देवानंच तोंडून वदवलं. तुळशीचं लगन लागलं का वराती सुरू होईन, त्याईच्यानं खोगीर उचलणार नाई, अन् घोडी सुखानं प्रेमदासच्या घरी जाईन. सहा महिने गप्प राहाचं.

पण त्याईच्या डोस्क्यात काय शिजून राह्यलं होतं ते मले काय मालूम.

त्याईचं म्हणणं असं का दुखणं उचलण्यात नाई, वाकण्यात हाय. खोगिरं कोठ्यात जमिनीवर, पोत्यावर पडलेले राहत. तेच भिंतीवर छातीइतक्या उंचीवर राह्यले तर वाकाचं कामच नाई. खालून हात घातले, खांद्यावर घेतलं, दोन पावलं चालले का घोडीवर. "खोगिराची मांडणी करतो," म्हणे, "तुही भांड्याची हाय तशी." तो अधिक महिना होता. म्या म्हटलं, "अधिकात नवं काम काढू नये." तर म्हणे, "खोगिरं जुने, भिंत जुनी, मी जुना. नवं काय हाय त्याच्यात?"

आधी बाभळीच्या खुट्ट्या ठोकल्या. कोठ्याची भिंत कच्च्या विटांची. सकाळी पाहतो तर खोगीर खाली, खुट्टी खाली अन् भिंतीचं हे एवढं ढेकूळ खाली. मंग लोखंडी ब्रॅकेट आणले, ते वाकले. मंग दोन दिवस नुसत्या येरझारा. कोठ्यातून अंगणात, अंगणातून सडकेवर, सडकेवरून परत कोठ्यात. दाराशी आले का भिंतीकडं पाहाचं, बोटानं हवेत रेघा माराच्या, अन् परत जाचं. माह्या डोळ्याले भोवळ आली. म्या म्हटलं, "एका जागी बसून इचार होत नाई का?" तर म्हणे, "बसलं का इचार बसते." तिसऱ्या दिवशी करवतीचा आवाज आला. जाऊन पाहते तर टांग्याची दांडी कापून राह्यले.

दांडी म्हणजे घोडी जुंपाची ते लांब सागवानी. माहेरून सासरी मी त्या टांग्यात आलती. माय रडून राह्यली होती, मी रडून राह्यली होती, अन् हा माणूस पुढं बसून घोडीले चुचकारत होता. ते सारं मले तवा आठवलं. "टांगा काऊन तोडता अवो?" म्या म्हटलं. करवत न थांबवता म्हणे, "मंग काय लोणचं घालता का त्याचं?" मले असा राग आला का त्या दिवशी म्या चहाच केला नाई. त्याईच्या ध्यानातही आलं नाई.

पण काम मात्र देखणं केलं, राग असला तरी खोटं कायले बोलू? दांडीचे तीन तुकडे, दीड दीड हाताचे. वरची बाजू वाकसानं तासून अशी गोल केली का खोगीर घोडीच्या पाठीवर बसते तसंच त्याच्यावर बसावं, त्याचं पोट चेपू नये. वरून पोत्याची पट्टी, त्याच्यावर जुन्या सतरंजीची. टोकाशी एक वर उचललेली खुट्टी, म्हणजे खोगीर घसरणार नाई. खाली लगाम अन् रिकिबी टांगाले लहान खुट्ट्या. कंबर दुखली का उभे राहत, पाच मिनिटं फेऱ्या मारत, परत लागत. एक काम धरून कधी पुरं केलं नाई. एक तुकडा अर्धा तासला का दुसरा घेत, मंग घोडीले पाणी पाजत, मंग पहिला. तरीही तिन्ही तुकडे एकसारखे झाले, हे मले आजही समजत नाई.

मंग भिंतीत भोकं पाडाची वेळ आली. तुकड्याची शेपटी वीतभर भिंतीत घालून, दगडाच्या चिपा ठोकून सिमेंट भराचं होतं. म्हणजे एकडाव बसलं का बसलं, भिंत फोडल्याबिगर निघणार नाई. उंची ठरवाची होती. त्या दिवशी म्या तव्यावर वीट गरम करून त्याईची कंबर शेकून देलती. शेकल्यावर घंटाभर बरं वाटे. तसेच उठले, भिंतीले पाठ लावून उभे राह्यले अन् म्हणे, "शकू, छातीपाशी कोळशानं रेघ मार." मी पाहते तर माणूस पलटणीतल्या शिपायासारखा ताठ. छाती पुढं, श्वास वर ओढलेला.

"असे रोज उभे राहता का तुमी?" म्या म्हटलं. "उलिसे वाका. जसे राहता तसे राहा."

"वाकडा हाओ का मी?"

"वाकडे नाई म्हटलं. दुपारी कसे असता ते माह्यापेक्षा जास्त कोणाले मालूम हाय?"

"रेघ मार म्हटलं न."

म्या मारली. मारली म्हणजे काय, त्याईनं सांगतली तथी मारली. त्या रेघेवर भोकं पडले, सिमेंट भरल्या गेलं. खंडेनवमीच्या दोन दिवस आधी तिन्ही खोगिरं भिंतीवर चढले, चंदननं नाई, शेजाऱ्यानं नाई, नत्थूजीनं स्वतः चढवले, शेकून घेतलेल्या कंबरेनं. नवमीले झेंडूची माळ घातली, म्या हळदकुंकू लावलं. शेजारच्या वच्छलाबाई पाहाले आल्या. म्हणे, "भांड्याची मांडणी पाह्यली होती बाप्पा, खोगिराची आजच पाह्यली." नत्थूजी त्या दिवशी दर पाच मिनिटाले कोठ्यात जाऊन येत. काम तर सरलं होतं, तरी जात.

दसऱ्यानंतर तीन-चार दिवसाची गोष्ट. दुपारची वेळ. मी गवताचा भारा घेऊन आली तर कोठ्यात नत्थूजी भिंतीपाशी उभे. वरातीच्या खोगिराखाली दोन्ही हात घातलेले. उचलून राह्यले अन् ते उठून नाई राह्यलं. आता माणूस ताठ नव्हता न. दुपारची कंबर, वाकलेली. रेघ ज्या माणसासाठी मारलती तो माणूस चार बोटं उंच होता. हात वर न्यावे लागत, अन् हात वर नेले का कंबर ओढे. दोनदा उचललं, दोनदा ठेवलं. मंग कपाळ टेकवलं खोगिराले अन् तसेच उभे राह्यले. एवढा वेळ एका जागी उभं राह्यलेलं त्याईले म्या लग्नापासून पाह्यलं नव्हतं.

मी भारा बाहेरच ठेवला अन् मागच्या मागं सरकली. जिंकली होती न मी. महिनाभरात घोडी जाणार होती. मंग आनंद काऊन होऊन नाई राह्यला? त्या दिवशी जेवाले बसले तर दोन्ही टोंगळे खाली. मांडी घालून बसले, पुरं जेवले, कोठ्यात गेले नाई. "आज हंसीले सुट्टी," म्हणे. तसेच चार दिवस. सडकेवर जात, परत येत, पण कोठ्यात पाय नाई. मले भेव वाटलं. खरंखुरं भेव. घोडीच्या पायाखाली जाईन म्हणून भेत होती मी, अन् हा माणूस तर घोडीबिगरच चालला होता.

मांडणी खाली घेता आली असती. पण त्यासाठी भिंत फोडा लागली असती, अन् चुकलं म्हणा लागलं असतं. नत्थूजी आधी मरतीन, मंग चुकलं म्हणतीन. आता भिंत खाली येत नाई तर काय करता येते? खालची जमीन वर येते.

आमच्या घरामागं नवीन लेआउट पडलं होतं, रस्त्यासाठी मुरमाचे ढीग टाकलेले. चौकीदाराले म्या सांगतलं, चूल घालाची हाय. पाचव्या दिवसापासून नत्थूजी हंसीले परत फिरवाले नेऊ लागले, खोगिराबिगर, नुसता लगाम धरून, रोज सकाळी दीड-दोन घंटे. तेवढ्यात मी दोन घमेले मुरूम आणे, भिंतीपासून घोडीच्या खुंट्यापर्यंत पसरे, पाणी शिंपडे, धुम्मसानं ठोके अन् वरून शेणानं सारवे. एका दिवशी उलिसाच थर, डोळ्याले न दिसणारा. घोडी उभी राहते ते जागा तशीच ठेवली. वच्छलाबाईनं एकडाव अडवलंच. "रोज मुरूम कायले वो नेता? घोडीले खाऊ घालता का?" म्या म्हटलं, "हो, चंदी महाग झाली." हात भाजल्यासारखे झाले, खांदे भरून आले. अन् शिव्या तर अशा देल्या मनातल्या मनात त्या माणसाले, का सांगता सोय नाई. पण घमेलं उचलत राह्यली. तुळशीच्या लग्नापर्यंत चार बोटं भरली.

पह्यली वरात आली. चंदननं मुद्दाम सुट्टी घेतलती. प्रेमदासही आर्वीवरून आले होते, म्हणे सहज आलो. सहज कोण येते आर्वीवरून? नत्थूजी कोठ्यात गेले. मी दारातून पाहून राह्यली होती. त्याईनं खोगिराखाली हात घातले, एक श्वास घेतला अन् उचललं. खांद्यावर घेतलं, दोन पावलं चालले अन् हंसीवर टाकलं. पोटाखालचा तंग आवळला. बाहेर येऊन प्रेमदासले म्हणे, "चहा घेऊन जाजो." माह्याकडं पाहून नत्थूजी म्हणाले, "पाह्यलं? कंबर बरी झाली. मांडणीचा गुण."

मी दातओठ खात चहाचं आधण ठेवाले गेली.

ते वर्ष गेलं तसंच. त्याईच्या फेऱ्या परत सुरू झाल्या, जेवताना एक टोंगळा परत वर आला. पण माहा जीव मात्र टांगणीले. दर वरातीले मी दारात उभी. उचलन का नाई, पडन का नाई. पोळ्या लाटता लाटता उठून कोठ्यात पाहून ये, परत लाटाले बस. आपणच घमेलं घमेलं वाहून या माणसाले त्या खोगिराखाली उभं केलं, आता पडला तर माह्या मुरमावर पडन, हा इचार डोस्क्यातून जाये नाई. भिंगरी त्याईच्या पायाची, लागली माह्या पायाले.

दुसऱ्या साली दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी चुलीपाशी होती. नत्थूजी मागच्या दारानं आले. हातात घमेलं. त्याच्यात मुरूम. अर्धंच भरलेलं, तेवढंही त्याईले जड झालं होतं. माह्यापुढं ठेवलं अन् दुसरीकडं पाहत म्हणाले, "यंदा अजून चार बोटं टाकजो."

म्या चिमटा खाली ठेवला. "तुमाले कवा मालूम झालं?"

"पह्यल्याच दिवशी. सारं आयुष्य त्या कोठ्यात चाललो मी. पायाले समजते."

असा राग आला मले. वर्षभर! महिनाभर मी चोरासारखी मुरूम वाहली, वर्षभर लपवलं, अन् हे मजेत हंसीले फिरवत होते, अन् वरून मांडणीचा गुण म्हणे. "मंग बोलले काऊन नाई?" म्या म्हटलं. तर त्याईनं खांदे उडवले. "तू कुठी बोलली?" अन् गेले सडकेकडं, पण आता चालताना कंबरेवर हात होता. मी पदर तोंडाले लावला अन् रडली. राग होता का दुसरं काही, ते मलेच समजलं नाई. मंग घमेलं उचललं अन् कोठ्यात गेली.

त्या साली चार बोटं भरली, वर दोन बोटं माह्या मनानं. अजून भरलं असतं तर डोस्कं कौलाले लागलं असतं.

मार्गशीर्षात पिपरीतलीच वरात होती. सकाळी दहाची वेळ. नवरदेवाचा काका घोडी घ्यायले दारात उभा, बाहेर ब्यांडवाले ताशे तापवून राह्यले. चंदन त्या दिवशी घरीच होता. नत्थूजी कोठ्यात गेले अन् मी मागं मागं गेली. त्याईनं हात घातले. खोगीर उठलं नाई. पाय मागं पुढं करून परत हात घातले. नाई. तिसऱ्यांदा उचललं तर बोटभर उठलं अन् धपकन परत बसलं, सारे आरसे खळखळले. मुरमाचा दोष नव्हता. उंची बरोबर होती. आता हातातच जोर नव्हता.

काका बाहेरून हाका मारून राह्यला. म्या पदर कमरेले खोचला अन् पुढं झाली.

"हात नको लावू," नत्थूजी म्हणाले.

"मंग कोणाचा लावू? तुमच्या हातानं तर उठून नाई राह्यलं."

तोंडातून गेलं अन् मलेच कसंतरी झालं. चंदन दारात होता. त्याचा आवाज नरम होता, मी त्याले दोष देत नाई. "बाबा, शपथ देवापुढची हाय. मी फोन करून येतो प्रेमदासले. आजची वरात मी पाहतो."

नत्थूजीचे दोन्ही हात अजून खोगिरावरच. हंसीनं मान वळवून पाह्यलं त्याईच्याकडं. मंग त्याईनं हात काढले.

"विकली," म्हणे.

चंदन वळला. चपलेत पाय घालून राह्यला होता, तवा नत्थूजी परत बोलले. "थांब. प्रेमदासले नाई. तुह्या मायले विकली."

मले वाटलं, दुखण्यानं डोस्कं फिरलं. "मले? मले कायले?"

"सव्वा रुपया हाय का तुह्याजवळ?"

कमरेच्या बटव्यात होता. म्या काढून त्याईच्या हातावर ठेवला. त्याईनं तो कपाळाले लावला, मंग हंसीच्या कपाळाले लावला अन् खिशात टाकला. "शपथ विकाची होती," चंदनले म्हणाले. "कोणाले विकाची, ते देवानं इचारलं नाई." मंग माह्याकडं वळले. "चढव आता. ज्याची घोडी, त्याचाच हात."

घोडी कवा जाते म्हणून वाट पाहणारी मी, अन् घोडी माह्याच गळ्यात. खोगिराखाली हात घातले. भारेच्या भारे गवत वाहलेले हात माहे, तरी उचलल्यावर खोगीर एका बाजूले कललं. नत्थूजीचे हात पुढं आले अन् त्याईनं ते मागं घेतले. दोन पावलं चालली. हंसी उलिशी सरकली, बाईच्या हातच्या खोगिराची सवय नव्हती तिले. म्या टाकलं खोगीर. बसलं. तंग पोटाखालून काढला, बक्कल लावलं, अन् पाहते तर ढिला. अजून आवळला, तरी ढिला. जीव रडकुंडीले आला.

"ओढू नको," नत्थूजी म्हणाले. ते मांडणीच्या खाली, म्या भरलेल्या मुरमावर बसले होते. "लबाड हाय ते. तंग आवळताना पोट फुगवून धरते. सोडू दे श्वास."

इतकी वर्षं त्या घोडीची लीद म्या काढली, अन् हे मले कोणी सांगतलं नव्हतं. सासऱ्यानं त्याईले सांगतलं असन, त्याईनं चंदनलेही नव्हतं सांगतलं. मी पट्टा हातात धरून उभी राह्यली. बाहेर काका परत ओरडला. नत्थूजी हंसीच्या पोटाकडं पाहत बसून राह्यले, जराही न हालता.

"आता," म्हणे.

म्या ओढला.